घंटेआधीचा तक्ता

पडद्यावरचं ते निळं चक्र फिरायला लागलं की गणिताच्या बाई दोन्ही हात वर करून बसायच्या, पोलिसांनी पकडल्यासारख्या. हौस म्हणून नव्हे. चक्र फिरत असताना माउसला नुसतं बोट लागलं तरी सगळी फाइल पांढरीफटक पडायची आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून ऑफिसच्या दारात कोणी दिसलं की त्या ओरडायच्या, "टेबलाला धक्का लावू नका!" टेबलाला धक्का लागून फाइलीचं काही बिघडत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण माणूस वैतागला की टेबलालाही सोडत नाही.

काम ऐकायला अगदी साधं. सकाळी कोणते शिक्षक आले नाहीत ते बघायचं, त्यांचे तास मोकळ्या शिक्षकांमध्ये वाटायचे आणि तो बदली तक्ता छापून स्टाफरूमच्या भिंतीवर लावायचा. जिन्याच्या वर दारात बसवलेल्या मशीनवर अंगठा लागला तो हजर, नाही लागला तो गैरहजर. ही यादी मशीनमधून एक्सेलच्या फाइलीत यायची. तिथे एक बटण होतं आणि बटणामागे मॅक्रो, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या हुकमांची माळ. बटण दाबायचं, बाकी सगळं मॅक्रो करणार, अशी कल्पना. प्रत्यक्षात घंटेच्या आधी दाबलेलं बटण पहिला तास निम्मा सरला तरी दळतच बसलेलं असायचं. पहिल्या तासाला कोणी कुठल्या वर्गावर जायचं हे पहिला तास उरकत आल्यावर कळायचं. तोवर बिनशिक्षकाचे सगळे वर्ग खेळाचे सर मैदानावर पळवायला न्यायचे. या शाळेची मुलं गणितात कच्ची आणि पळण्यात पक्की, ती या एका फाइलीमुळे.

फाइल तात्यांची. तात्या म्हणजे शाळेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं सांभाळणारे जुने शिक्षक. गेल्या वर्षी निवृत्त होताना त्यांनी गणिताच्या बाईंच्या हातावर पेन ड्राइव्ह ठेवला होता आणि लेक सासरी पाठवताना बोलावं तशा आवाजात म्हणाले होते, "सांभाळून घ्या हिला. जरा हळू आहे, पण गुणाची आहे." का, तर म्हणे तुम्ही गणिताच्या. गणित येतं त्याला कॉम्प्युटर येतो, कॉम्प्युटर येतो त्याला प्रिंटर दुरुस्त करता येतो, आणि प्रिंटर येतो त्याला स्टाफरूमचा पंखासुद्धा बघता येतो, असा शाळेत सर्वांचा समज होता.

हे सगळं बाईंनी हसून सोडून दिलं असतं. पण पहिला तास हा दहावीचा गणिताचा तास होता आणि तो त्यांचा होता. मुलं सकाळी ताजी असतात म्हणून तो सकाळी, आणि बाई चांगल्या शिकवतात म्हणून तो त्यांना. आता त्या पहिला तास चक्रापुढे हात वर करून बसलेल्या, म्हणून दहावी गेली विज्ञानाच्या सरांकडे. ऑफिस आणि दहावीच्या वर्गात एकच भिंत. त्या भिंतीतून सरांचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. सर उदाहरण फळ्यावर सोडवायचे, उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही की म्हणायचे, "पुस्तकात छपाईची चूक आहे." बाईंचा जीव भिंतीच्या या बाजूला तीळतीळ तुटायचा. एकदा तर त्यांनी न राहवून भिंतीवर डस्टर आपटला होता. सरांना वाटलं, पलीकडे खिळा ठोकतायत.

शेवटी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका.

"मला माझी दहावी परत द्या, मॅडम."

"देते की. मला काय हौस आहे?" मोठ्या बाई सह्या करता करता म्हणाल्या. "पालक माझ्या नावाने शंख करतायत, सकाळी मुलं मैदानावर का म्हणून. तुम्ही घंटेआधी तक्ता भिंतीवर लावा, पहिल्या तासाला सगळ्या वर्गांवर शिक्षक दिसू द्या. त्या दिवसापासून दहावी तुमची."

"घंटेआधी?"

"घंटेआधी. घंटेनंतर लागणाऱ्या तक्त्याचा मला काय उपयोग?"

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर बाईंनी फाइल घरच्या लॅपटॉपवर उघडली. नवरा शेजारच्या कोचावर पेपर तोंडावर घेऊन लवंडला होता.

"अरे देवा!"

"काय झालं?" पेपरखालून आवाज आला.

"या माणसाने प्रत्येक घरात व्हीलुकअप, तो शोधून आणायचा फॉर्म्युला, लावलाय. आणि शोधायला जागा किती दिलीय? अख्खा कॉलम! तळापर्यंत! लाखो ओळी. शाळेत शिक्षक मूठभर."

"मोठ्या मनाचा माणूस दिसतोय."

"तू झोप."

बाईंनी पदर खोचला. तात्यांचा फॉर्म्युला एका शिक्षकाची ओळ पहिल्या तासासाठी शोधायचा, सापडली की सोडून द्यायचा आणि दुसऱ्या तासासाठी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून शोधायला निघायचा. चष्मा सापडावा, एक पान वाचून तो मुद्दाम हरवावा आणि पुढच्या पानासाठी परत घर धुंडाळावं, तसा प्रकार. बाईंनी बाजूला एक मदतीचा कॉलम घातला. तिथे मॅच नावाचा फॉर्म्युला लावून प्रत्येकाची ओळ एकदाच शोधून ठेवली आणि बाकीच्या घरांना सांगितलं, जागा कळलीय, आता तिथून गुपचूप उचला. अख्ख्या कॉलमच्या जागी शिक्षक आहेत तेवढ्याच ओळी दिल्या. मग निघाले इनडायरेक्ट आणि ऑफसेट नावाचे फॉर्म्युले. फाइलीत कुठेही एक अक्षर टाका, संबंध असो नसो, हे सगळे खडबडून उठून पुन्हा हिशेब करायला बसणार. बाईंनी त्यांना वेचून वेचून बाहेर काढलं.

आणि मॅक्रो तर बघायलाच नको. एक घर निवडा, कॉपी करा, दुसऱ्या शीटवर जा, पेस्ट करा, परत या, खालचं घर निवडा. बाजारातून मटार आणायचा तर एकेक दाणा मुठीत धरून घरी यायचं आणि पुढच्या दाण्यासाठी पुन्हा बाजारात जायचं, अशातली गत. वर प्रत्येक फेरीला पडदा लुकलुकणार आणि सगळे फॉर्म्युले नव्याने मोजले जाणार.

"पिशवी न्यावी की नाही माणसाने!" बाई करवादल्या.

"कुठे?" नवरा दचकून उठला. "बाजारात जायचंय का?"

"तुला नाही म्हटलं."

त्यांनी मॅक्रोला पिशवी दिली. सगळी यादी एका दमात उचलायची, मनातल्या मनात वाटप करायचं आणि निकाल एका दमात खाली ठेवायचा. काम चालू असताना पडदा झाकायचा, मोजणी थांबवायची आणि संपल्यावर आठवणीने दोन्ही पुन्हा चालू करायचं. हे शेवटचं त्यांनी दोनदा तपासलं. मोजणी बंदच राहिली तर दिवसभर शिळे आकडे दिसत राहतात, हे त्यांना माहीत होतं.

पण त्यांचं डोकं खरं फिरवलं ते तात्यांच्या टिपांनी. मॅक्रोत जागोजागी, दर दोन ओळींमागे, तात्यांनी लिहून ठेवलं होतं: 'काढू नये.' का काढू नये? पत्ता नाही. रिकाम्या लूपवर, म्हणजे काहीच न करता गोल फिरणाऱ्या हुकमांवर, 'काढू नये'. कधीच न वापरलेल्या घरावर 'काढू नये'. शीटचा रंग आधी पिवळा आणि लगेच पांढरा करणाऱ्या ओळीवर 'काढू नये'. बाईंनी पहिल्या काही ठिकाणी विचार केला, मग सरसकट झाडू फिरवला.

मध्येच एका ओळीत मॅक्रोला चक्क थांबायला सांगितलं होतं. काही करू नकोस, नुसता थांब. आणि एवढं थांबून झाल्यावर अंगठ्याच्या मशीनमधली यादी, जी सुरुवातीला एकदा वाचलेली होती, ती पुन्हा वाच. तिथेही तेच, 'काढू नये'.

"आधीच गोगलगाय, त्यात तिला सांगतोय बस जरा वेळ!" बाईंना हसू आवरेना. त्यांनी थांबण्याची ओळ काढली, दुसऱ्यांदा यादी वाचायची ओळ काढली आणि बटण दाबलं.

चक्र आलंच नाही. तक्ता समोर हजर.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा हजर.

"झालं?" नवऱ्याने विचारलं.

"झालं."

"मग आता तू रोज पहिल्या तासाला करणार काय?"

"शिकवणार," बाई म्हणाल्या आणि इतक्या खुशीत उठल्या की लॅपटॉप बंद करायचा राहूनच गेला.

सोमवारी घंटा व्हायच्या आत तक्ता भिंतीवर होता. मोठ्या बाई स्वतः येऊन बघून गेल्या, आणि ज्या बाई कौतुकाच्या बाबतीत हात जरा आखडताच ठेवायच्या त्या चक्क "वा!" म्हणाल्या. विज्ञानाचे सर तक्त्याकडे बघत राहिले. खेळाच्या सरांनी शिट्टी खिशात टाकली. आणि गणिताच्या बाई खडूचा डबा घेऊन दहावीच्या वर्गात शिरल्या, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी "सुटलो!" म्हणालं. त्याला वर्गाबाहेर काढायचं सोडून त्यांनी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. त्या तासात त्यांनी सरांच्या वेळची चार उदाहरणं पुन्हा सोडवून दाखवली. पुस्तकात छपाईची चूक नव्हती.

त्या दिवशी तक्त्यात भूगोलाच्या बाईंचं नाव गैरहजरांत होतं. त्या आल्या घंटेनंतर, पण आल्या. धापा टाकत जिना चढून वर्गाशी पोचल्या तर आत दुसरंच कोणी शिकवत होतं. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. तक्ता तयार झाला की गैरहजरांची यादी आपोआप संस्थेच्या कार्यालयात जायची, आणि एकदा गेलेली यादी म्हणजे दगडावरची रेघ. भूगोलाच्या बाई वर्षाच्या करारावर होत्या. गैरहजेरी साचली की करार पुढे सरकत नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत भूगोलाच्या बाई तक्त्यापुढे उभ्या होत्या. सकाळच्या धावपळीने चेहरा अजून उतरलेला होता. गणिताच्या बाईंना मनातून वाईट वाटलं, आणि त्यांची सवय अशी की वाईट वाटलं की त्या चिडायच्या.

"अहो, जरा लवकर निघत जा ना!" त्या भर स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "रोज तेच काय? बाकी सगळे येतात ना वेळेवर? मी तरी तक्त्यात काय घालू?"

विज्ञानाचे सर चहाच्या कपात हसले. भूगोलाच्या बाईंनी पिशवी उचलली.

"तात्यांच्या वेळी असं होत नव्हतं," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

हे मात्र बाईंना झोंबलं. तात्यांच्या वेळी! तात्यांच्या वेळी काय होत होतं ते आपण रविवारी डोळ्यांनी पाहिलंय. शाळा सुटल्यावर त्यांनी फाटकाबाहेर पडायच्या आधीच तात्यांना फोन लावला.

"तात्या, तुमच्या फाइलीची मी पार साफसफाई केलीय. आता क्षणात चालते."

"अरे वा," तात्या म्हणाले. मागे नळाचं पाणी वाहत होतं. बहुधा झाडांना पाणी घालत होते. "शाब्बास."

"शाब्बास काय! लोक तुमचंच नाव घेतायत. भूगोलाच्या बाई मला ऐकवून गेल्या, तात्यांच्या वेळी असं नव्हतं म्हणून."

पाण्याचा आवाज थांबला.

"थांबायची ओळ काढलीत का हो?"

"काढली. मग? ठेवायची होती?"

"तिथे लिहिलं होतं ना, काढू नये."

"अहो तात्या!" बाई रस्त्यातच ओरडल्या. फुटपाथवरून जाणारा एक माणूस वळून बघायला लागला. "तुम्ही सगळीकडेच लिहिलंय काढू नये! पिवळ्या रंगाला काढू नये, रिकाम्या लूपला काढू नये. त्यातलं खरं कुठलं ते मला कसं कळणार?"

"तुम्हाला कळू नये म्हणूनच सगळीकडे लिहिलं," तात्या शांतपणे म्हणाले. "तुम्हाला म्हणजे कोणालाच. एकाच ओळीवर लिहिलं असतं तर कोणीही विचारलं असतं, इथेच का?"

मग त्यांनी सांगितलं. भूगोलाच्या बाईंना एक धाकटा भाऊ होता. वयाने चाळिशीला टेकलेला, समजेने पाच-सहा वर्षांचा. आईवडील गेले, तेव्हापासून तो बहिणीकडे. दिवसा तो एका कार्यशाळेत जायचा, तिथे त्याच्यासारखी मंडळी कागदी पाकिटं चिकटवायची. त्या कार्यशाळेचं फाटक उघडायचं आपल्या शाळेच्या पहिल्या घंटेला. तिथला रखवालदार येऊन त्याचा हात हातात घेत नाही तोवर तो बहिणीचा हात सोडत नसे. आधी सोडून बघितलं होतं. तो रस्त्यावर सापडला, तेही संध्याकाळी.

"मग ती धावत सुटते," तात्या म्हणाले. "पोचते, अंगठा लावते. तोवर माझी फाइल थांबलेली असायची. थांबून झालं की यादी पुन्हा वाचायची. तिचा अंगठा लागलेला असायचा. संपलं. मुळातच हळू चालणाऱ्या फाइलीला आणखी जरा वेळ लागला म्हणून कोणी संशय घेतो का?"

"मॅडमना सांगायचं सरळ!"

"सांगितलं होतं. तिने अर्जही दिला होता सवलतीचा. मॅडमनी वर पाठवला. संस्थेतून उत्तर आलं: एकाला सूट दिली तर सगळे मागतील. आणि खाली विचारलं होतं, भावाला कुठेतरी कायमचं ठेवत का नाही." तात्या म्हणाले. "ते पत्र तिने माझ्यासमोर वाचलं. त्यानंतर मी एक्सेल शिकलो, बाई. त्याआधी मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकलो तेही अर्धवटच. बाकीची फाइल हळू चालते ती काही युक्ती नव्हे, ते माझं अज्ञान."

बाईंनी फोन ठेवला. त्यांना तात्यांचा राग आला, संस्थेचा आला, भूगोलाच्या बाईंचा आला की आपल्याशी एका शब्दाने बोलल्या नाहीत. आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण स्टाफरूममध्ये मघाशी आपण काय बोललो ते त्यांना शब्द न् शब्द आठवत होतं.

पण त्या गणिताच्या बाई होत्या. उदाहरण अडलं म्हणून वही मिटणाऱ्यातल्या नव्हत्या. बस येईपर्यंत त्यांनी उत्तर काढलं होतं. सगळा तक्ता कशाला थांबवायचा? तो घंटेआधीच लागू दे. नुसती संस्थेची यादी उशिरा पाठवून भागणार नव्हतं, भिंतीवर रोज त्यांचंच नाव गैरहजरांत दिसलं असतं. फक्त एका नावापुरती अट घालायची: या बाई गैरहजर दिसल्या तरी त्यांना हजर धर आणि त्यांचा अंगठा नंतर तपास. एक ओळ. दहावीही राहील आणि करारही.

त्यांना विचारल्याशिवाय ती ओळ घालायची नव्हती, म्हणून गुरुवारी सकाळी तक्ता लावून झाला तेव्हा भूगोलाच्या बाईंचं नाव पुन्हा गैरहजरांतच होतं. मधल्या सुट्टीत गणिताच्या बाईंनी त्यांना नकाशांच्या खोलीत गाठलं. गुंडाळलेल्या नकाशांवर धूळ होती. भूगोलाच्या बाई स्टुलावर बसून एका फाटलेल्या खंडाला पट्टी चिकटवत होत्या.

"तात्यांनी सांगितलं मला," गणिताच्या बाई एका दमात बोलल्या. "काल मी बोलले ते बोलायला नको होतं. माझं चुकलं. पण आता काळजी करू नका, मी उपाय काढलाय." आणि त्यांनी ती एक ओळ समजावून सांगितली, फळ्यावर सांगतात तशी, बोटांनी हवेत लिहून.

भूगोलाच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पट्टीचं टोक दाबत त्या म्हणाल्या, "त्या ओळीत माझं नाव येईल?"

"नाव किंवा नंबर. काहीतरी लागेलच ना."

"मग नको."

"का नको? अहो, कोण बघतंय मॅक्रो उघडून?"

"तुम्ही उघडलात की."

गणिताच्या बाईंनी हवेत लिहिणारी बोटं खाली घेतली.

"उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी येईल," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "फाइल उघडेल. सगळ्या शाळेत एकटीच्याच नावाला अट का, म्हणून विचारेल. मग माझा भाऊ निघेल. मग ज्याला त्याला मी बिचारी वाटेन, नाहीतर लबाड. अर्ज दिला तेव्हा दोन्ही झालंय माझं." त्यांनी नकाशा गुंडाळायला घेतला. "तात्यांनी सगळ्या शाळेला थांबवलं, म्हणून मी कुठे दिसले नाही. मला सूट नको होती हो. मला फक्त सगळ्यांसारखं हजर व्हायचं होतं."

"पण सगळ्यांना थांबवायचं म्हणजे..." गणिताच्या बाई म्हणाल्या.

"कळतंय मला. तुमची दहावी जाते." भूगोलाच्या बाई उठल्या. "ती माझ्यासाठी घालवा असं मी नाही म्हणणार. चांगलं शिकवता तुम्ही. मुलं सांगतात."

असं कोणी म्हटलं की भांडायचीही सोय उरत नाही. गणिताच्या बाईंनी दिवसभर सगळ्यांवर डाफरून घेतलं. प्रिंटरवर डाफरल्या, खडू तुटला म्हणून खडूवर डाफरल्या. संध्याकाळी घरी नवऱ्याने विचारलं, "फाइल बिघडली का?" त्यावर "फाइल बरी आहे, माणसंच वाईट आहेत" असं म्हणून त्यांनी भाजी इतक्या जोरात चिरली की तो स्वयंपाकघरातून निघून गेला. जेवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दहावी त्यांना हवी होती. अगदी मनापासून हवी होती. त्या चार दिवसांत एका मुलीने पहिल्यांदाच हात वर करून म्हटलं होतं, "बाई, हे मला येतंय."

शुक्रवारी सकाळी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. विज्ञानाचे सर तिथेच होते, काहीतरी सही घ्यायला आलेले.

"मॅडम, तक्त्यात घोळ आहे," गणिताच्या बाई म्हणाल्या. "माझ्या हातून चूक झालीय. हे चार दिवस मॅक्रो अंगठ्यांची यादी अर्धवट वाचतोय. मशीनमध्ये अंगठा आहे आणि तक्त्यात माणूस गैरहजर. हे बघा." त्यांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. मशीनमधलं घड्याळ कधीचंच बंद पडलेलं होतं. अंगठा लागला एवढं ते सांगायचं, कधी लागला ते नाही. "भूगोलाच्या बाईंचे चारही अंगठे आहेत."

मोठ्या बाईंनी चष्मा चढवला. कागदाकडे पाहिलं, मग बराच वेळ गणिताच्या बाईंकडे पाहिलं.

"संस्थेला दुरुस्तीचं पत्र पाठवावं लागेल. चूक कोणाची म्हणून लिहू?"

"माझी लिहा. घाईत केलं. यादी शेवटी पुन्हा वाचायला हवी होती, ती मी काढून टाकली. आता परत घातलीय. पण तक्ता घंटेनंतर निघेल, पूर्वीसारखाच."

"पूर्वीसारखाच?" विज्ञानाचे सर हसू दाबत म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुम्ही तात्यांना मागे टाकलंत."

"नाही जमलं," गणिताच्या बाई म्हणाल्या. आयुष्यात हे दोन शब्द त्या कोणत्याही गणिताबद्दल बोलल्या नव्हत्या. ते तोंडातून काढताना त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आणि दहावी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"सरांकडेच राहू दे."

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्यांना काय कळलं, किती कळलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजणं शक्य नव्हतं. पत्र मात्र त्यांनी लगेच लिहायला घेतलं, आणि सही करताना म्हणाल्या, "पालकांना मी सांभाळते."

घंटा झाली. ऑफिसात गणिताच्या बाई पडद्यापुढे बसल्या. आतला सगळा हिशेब क्षणात होऊन गेलेला होता. मॅक्रो आता नुसता थांबला होता. भिंतीपलीकडे दहावीचा वर्ग सुरू झाला. सरांनी समीकरणातली एक संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेली आणि तिचं चिन्ह बदलायला विसरले. बाईंनी डोळे मिटून घेतले. एका मुलीचा आवाज आला, "सर, तिथे वजा येईल ना?" सर म्हणाले, "मध्ये बोलू नको." बाईंच्या हाताची मूठ आवळली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

जिन्यावर धावती पावलं वाजली. दारातल्या मशीनने अंगठा घेतल्याची शीळ घातली. भूगोलाच्या बाई ऑफिसच्या दाराशी येऊन चौकट धरून उभ्या राहिल्या. श्वास लागला होता, एका चपलेचा अंगठा तुटला होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग भिंतीपलीकडून येणारा सरांचा आवाज त्यांनी ऐकला आणि त्यांना सगळं समजलं.

"बाई, तुम्ही..." त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे काय बघताय? वर्गावर जा," गणिताच्या बाई खेकसल्या. "आणि रोज रोज काय पळत येता हो? पडाल एखाद्या दिवशी जिन्यावर. सावकाश या."